रानफुलांच्या वाटेने गेलेली माणसे

थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. जुन्या मुंबई इलाख्यात आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींची ही शास्त्रीय नोंदवही. इलाख्याचे सिंध, गुजरात, खानदेश, कोकण, दख्खन, कानडा असे भाग पाडून कोणती वनस्पती कुठे सापडते ते कुकने प्रत्येक वर्णनाखाली दिले आहे. या भागांत एक नाव ‘एस. एम. कंट्री’ असे आद्याक्षरांनी येते. ‘सदर्न मराठा कंट्री’, म्हणजे आपला बेळगाव-धारवाडचा मुलूख. एके काळी हे शब्द सरकारी कागदांवर होते, आगगाडीच्या कंपनीच्या नावात होते. आज ते नकाशावर नाहीत. नकाशावरच्या शब्दांचा वाद आपल्या भागाला नवा नाही आणि त्यात मला येथे शिरायचेही नाही. परंतु गवता-फुलांच्या एका ग्रंथात आपल्या मुलखाचे जुने नाव पानोपानी पडून आहे, ही गोष्ट आमच्या शाळेच्या विज्ञानशिक्षकांनी प्रथम दाखवली तेव्हा मला तिचे फार अप्रूप वाटले. त्यांच्याजवळ या ग्रंथाच्या १९५८ साली निघालेल्या पुनर्मुद्रणाची प्रत होती.

मी इतिहासाचा एम. ए. वनस्पतिशास्त्र मला शाळेपुरतेच ठाऊक. त्यामुळे त्या ग्रंथात मी फुलांची वर्णने वाचली नाहीत, माणसे शोधली. प्रत्येक वनस्पतीखाली गावाचे नाव, त्यापुढे एखादे आडनाव आणि त्यापुढे पुष्कळदा एक उद्गारचिन्ह. व्याकरणाच्या तासाला आम्ही मुलांना सांगतो की उद्गारचिन्ह आश्चर्य दाखवते. वनस्पतिशास्त्रात त्याचा अर्थ निराळा आहे. त्या माणसाने त्या गावाहून आणलेला नमुना मी स्वतः डोळ्यांनी पाहिला, अशी ती ग्रंथकर्त्याची साक्ष असते. हे कळल्यावर तो ग्रंथ मला हजेरीपटासारखा दिसू लागला. कोण कोणत्या डोंगरावर गेला होता, कोण कोणत्या घाटात चिखल तुडवत होता, त्याची ती हजेरी. आणि कोणत्याही हजेरीपटात जो प्रश्न मुख्याध्यापकाच्या मनात येतो तोच माझ्या मनात आला. यात कोणाची नावे नाहीत?

या लेखात त्या प्रश्नाचा थोडा मागोवा घेतला आहे.

गोवा आणि कोची

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वनस्पतींविषयीचे पहिले मोठे छापील पुस्तक गोव्यात निघाले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचे औषधी द्रव्यांविषयीचे पोर्तुगीज पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. दोन माणसांच्या संभाषणाच्या रूपाने ते लिहिलेले आहे. येथील वैद्य, हकीम आणि व्यापारी यांच्याकडून त्याने पुष्कळ माहिती मिळवली. मात्र ओर्ताचे ज्ञान मुख्यतः बाजारातले आणि बागेतले होते. दालचिनी, हळद, हिंग, मिरी या वस्तू त्याच्यापुढे येत आणि तो त्यांची चौकशी करी. डोंगरात हिंडून फूल त्याच्या जागी पाहणारा हा माणूस नव्हे. ज्यू कुळात जन्मल्याबद्दल मृत्यूनंतरही इन्क्विझिशनने त्याला सोडले नाही. १५८० साली त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. त्याचे पुस्तक मात्र युरोपभर वाचले गेले.

त्यानंतर शंभर वर्षांनी मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमहून त्याचे १२ खंड निघाले. सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि चित्रे त्यांत आहेत. येथे ज्ञान बाजारातून उठून रानाकडे गेले. माणसे झाडी धुंडाळून फांद्या, फुले, फळे आणीत, आणि जाणकार त्यांची नावे व गुण सांगत. मराठी-कोकणी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट यात आहे. या कामात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण होते. गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या समाजातले हे लोक. त्यांनी १६७५ साली कोकणी भाषेत, नागरी लिपीत दिलेले साक्षपत्र त्या ग्रंथात जसेच्या तसे छापलेले आहे. चित्रांवरही इतर लिप्यांबरोबर नागरीत नावे आहेत. या तिघांची नावे आज आपल्याला कळतात ती केवळ त्यांनी सही केली आणि व्हान रीडने ती छापली म्हणून. पुढच्या दोनशे वर्षांत असे सौजन्य फारसे दिसत नाही.

टपालखाते, जकातखाते आणि दवाखाना

कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यातली फुले ज्यांनी शोधली त्यांत नोकरीने वनस्पतिशास्त्रज्ञ असलेला माणूस क्वचितच सापडतो. जॉन ग्रॅहम हा मुंबईच्या टपालखात्यातला अधिकारी. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची त्याची यादी १८३९ साली निघाली, पण ती पुरी होण्याआधीच खंडाळ्यास त्याला मृत्यू आला. उरलेले काम निम्मो नावाच्या त्याच्या मित्राने पुरे केले. निकोल डॅल्झेल हा जकात, मीठ आणि अफू या खात्यांत नोकरीस आला. अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा तो प्रमुख होता आणि १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डॅल्झेल आणि गिब्सन यांनी मिळून १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ काढला. कुकच्या आधीचा तोच महत्त्वाचा ग्रंथ.

बेळगावच्या वाट्यास डॉ. रिची आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते येथे डॉक्टर होते. कुकच्या ग्रंथात आपल्या मुलखाखाली सर्वांत अधिक दिसणाऱ्या नावांत त्यांचे नाव आहे. पावसाळ्यात माळावर पांढऱ्या गुंड्यांसारखी जी फुले येतात त्यांना आपण गेंद म्हणतो. त्या गेंदाच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात आजही रिची आहेत, ‘एरिओकॉलॉन रिचिएनम’. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता नाही, दगड नाही. पण माळावर दर पावसाळ्यात त्यांच्या नावाचे फूल उगवते.

डॉक्टर लोकच या छंदात इतके का, असे वाचकांना वाटेल. कारण सरळ आहे. त्या काळी औषधे बहुतांशी वनस्पतींपासून होत, म्हणून वैद्यकाच्या अभ्यासक्रमात वनस्पतिशास्त्र सक्तीचे असे. शिवाय विलायतेहून येणारे औषध महाग. त्याला येथे पर्याय सापडला तर सरकारला हवाच होता. गिब्सनकडे पाहिले तर आणखी एक कारण दिसते. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधण्यासाठी सागवान लागे आणि ते झपाट्याने तुटत होते. झाडे कोणती, कुठे आणि किती, हे मोजण्याची गरज तेव्हा सरकारला भासली. म्हणजे या फुलांच्या शोधामागे निव्वळ हौस नव्हती, राज्याचा हिशेबही होता.

बेळगाव या कामाला सोयीचेही होते. येथे लष्कराची छावणी होती. वेंगुर्ले बंदरात उतरून रामघाट चढून बेळगावास येण्याचा रस्ता लष्कराच्या राबत्याचा होता. पूर्वेस कोरडे काळ्या मातीचे रान, पश्चिमेस पंधरा-वीस कोसांत दाट पावसाचे जंगल आणि मध्ये जांभ्या दगडाची सपाट पठारे. एका दिवसाच्या चालीत तीन प्रकारचे रान पाहायला मिळेल अशी ठिकाणे फार नाहीत.

भिवा, कानिटकर आणि रानडे

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

रानातून नमुना आणणे हे एकट्याचे काम नव्हे. वनस्पती मुळासकट उपटायची, पत्र्याच्या डब्यात ओल्या फडक्यात ठेवायची, मुक्कामावर पोहोचताच टिपकागदाच्या घड्यांत नीट पसरून फळ्यांमध्ये दाबायची. कागद ओले झाले की बदलायचे, दिवसातून एकदा, कधी दोनदा. आपल्याकडे फुले येतात ऐन पावसाळ्यात, म्हणजे ज्या दिवसांत कपडे वाळत नाहीत त्या दिवसांत पाकळी वाळवायची. निखाऱ्यांच्या उबेवर कागद सुकवावे लागत. हे सारे करणारे हात, डबा वाहणारे खांदे आणि ‘साहेब, तिकडे खाली ओढ्यात आहे’ असे सांगणारे तोंड कोणाचे असेल, हे सांगायला इतिहासाचा एम. ए. लागत नाही. पण हजेरीपटावर नाव लागले ते साहेबाचे.

दापोडीच्या बागेतील वनस्पतींची गिब्सनने काढून घेतलेली चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपून ठेवलेली आहेत. १७० च्या आसपास चित्रे आहेत आणि फार सुंदर आहेत. १८४७ ते १८५० या काळात ती काढली गेली. चित्रकार येथलाच होता. त्याचे नाव कोणीही लिहून ठेवले नाही.

पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजात जी. एम. वुड्रो वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. कुक हे त्याच कॉलेजचे प्राचार्य होते. या काळात चित्र थोडे पालटते. कुकच्या ग्रंथात साहेबांच्या आडनावांच्या रांगेत ‘कानिटकर’ येते आणि आणखी एक नाव येते, ‘भिवा’. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवरून आणलेल्या नमुन्यांपुढे हे नाव आहे, आणि त्याच्यापुढेही तेच उद्गारचिन्ह. कानिटकरांना आडनाव आहे. भिवाला नाही. साहेबांचे आडनाव पुरे, कारण ते साहेब. भिवाचे पहिले नाव पुरे, कारण तो भिवा. तरीही मला त्या एका शब्दापुढे थांबावेसे वाटले. या भिवाने फूल ओळखले, आणले, आणि लंडनजवळच्या क्यू येथे बसून ग्रंथ लिहिणाऱ्या कुकने ते पाहिले म्हणून साक्ष दिली. साक्षीच्या बाबतीत तरी भिवा आणि साहेब एका ओळीत बसले.

तिसरे नाव एन. बी. रानडे यांचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आंबा घाटात त्यांना एक झुडूप सापडले. घंटेसारखी लोंबणारी, सोनेरी छटेची मोठी फुले. वुड्रो आणि स्टाफ यांनी १८९४ साली ही जात नवी म्हणून जाहीर केली आणि नाव दिले ‘अब्युटिलॉन रानडेई’. मराठीत तिला सोनघंटा म्हणतात. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे ती कोणाला दिसली नाही आणि नाहीशी झाली असेच धरले गेले. पुढे ती सह्याद्रीत पुन्हा सापडली. आज ती अत्यंत दुर्मिळ वनस्पतींत मोडते. साहेबांच्या नावांची फुले आपल्या डोंगरांवर पुष्कळ आहेत, पण आपल्यातल्या एका माणसाचे नाव लावलेली ही सोनघंटा आंबा घाटात सापडली, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे.

दोन भाषांतली नावे

माणसांची नावे गळाली, पण त्यांनी सांगितलेली वनस्पतींची नावे सगळीच गळाली नाहीत. काही तर थेट शास्त्रात जाऊन बसली. कारवी हे आपले झुडूप, जिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती आपण कोकणात आणि घाटावर पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या. सात वर्षे ती नुसती वाढते, मग सगळा डोंगर एकाच वेळी जांभळा होतो, बी धरते आणि मरते. १९४४ साली ब्रेमेकांप या डच शास्त्रज्ञाने तिच्या प्रजातीचे नाव ‘कार्व्हिया’ ठेवले. कोथिंबिरीच्या कुळातले, पांढऱ्या छत्रीसारख्या फुलोऱ्याचे एक रोप पावसाळ्यात डोंगरउतारांवर येते. त्याला पिंडा म्हणतात. १९८६ साली त्याची स्वतंत्र प्रजाती मानली गेली आणि तिचे शास्त्रीय नाव ‘पिंडा’ हेच ठेवले. जगातल्या कोणत्याही विद्यापीठात आता तो मराठी शब्द उच्चारावा लागतो. मान केवळ मराठीलाच मिळाला असे नाही. बिब्ब्याच्या कुळातल्या, अंगावर फोड आणणाऱ्या एका जंगली झाडाचे नाव ‘होलिगार्ना’ आहे आणि ते कन्नड ‘होळगेरु’ वरून आले आहे.

टॅल्बट नावाच्या वनाधिकाऱ्याने १९०९ ते १९११ या काळात मुंबई इलाखा व सिंधमधल्या जंगली झाडांवर दोन खंड लिहिले. त्याची बरीच नोकरी कारवारच्या बाजूला झाली. त्याच्या ग्रंथात झाडाखाली देशी नावे दिली आहेत आणि कोणते नाव मराठी, कोणते कन्नड, ते आद्याक्षराने दाखवले आहे. आपल्या भागातल्या वाचकाला ही यादी घरची वाटेल. आपला ऐन तो त्यांचा मत्ती. नाणा तो नंदी. बिबळा तो होन्ने. रातांबा तो मुरुगल. बहावा तो कक्के. पळस तो मुत्तुग. खानापूरकडच्या जुन्या सुतारांना ही दोन्ही नावे सारखीच तोंडपाठ असत. गिऱ्हाईक कोणत्या भाषेतले त्याप्रमाणे ते शब्द बदलत, लाकूड तेच.

एक रान, तीन ग्रंथ

१८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या नियतकालिकातून वनस्पतींवरचे लेख नियमाने येऊ लागले. सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर आणि पुढे फादर सांतापाव यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हिंडण्याचा पायंडा पक्का केला. फादर सांतापाव स्पेनचे, पण पुढे भारताच्या वनस्पती सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. वर्षातल्या प्रत्येक ऋतूत त्याच त्या डोंगरावर पुन्हा पुन्हा जायचे, ही त्यांची शिस्त. १९५५ साली सर्वेक्षण खात्याचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात सुरू झाले. कॉलेजांच्या वनस्पतिसहली ही नंतर नेहमीची गोष्ट झाली.

आणि मग १ नोव्हेंबर १९५६ आला. राज्ये भाषावार झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, चंदगड मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात राहिले. गोवा १९६१ साली मुक्त झाला. त्याचे जे परिणाम माणसांवर झाले ते आपण सारे जाणतो. वनस्पतींच्या वह्यांवरही एक परिणाम झाला. कुकच्या काळी एकाच ग्रंथात असलेला हा डोंगर आता निरनिराळ्या ग्रंथांत वाटला गेला. गोव्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९८५-८६ मध्ये निघाला, सालढाणांच्या कर्नाटकाच्या ग्रंथाचा पहिला खंड १९८४ साली, महाराष्ट्राचे खंड १९९६ पासून पुढे. कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा यादव आणि सरदेसाई यांचा ग्रंथ २००२ साली आला. ही सगळी कष्टाची कामे आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण कणकुंबीचे फूल एका ग्रंथात, तेथून काही मैलांवरच्या चंदगडचे दुसऱ्यात आणि चोर्ला घाट उतरले की तिसऱ्यात, असे आता झाले आहे. पुन्हा हे सारे ग्रंथ इंग्रजीत. खानापूरच्या शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या बांधावरचे फूल कोणत्या पुस्तकात पाहावे?

आमच्या शाळेची पायपीट

या प्रश्नाला आम्ही शोधलेले उत्तर लहानसे आहे. दर पावसाळ्यात, श्रावणापासून घटस्थापनेपर्यंत, सुटीच्या तीन-चार दिवशी आठवी-नववीची पंचवीस-तीस मुले घेऊन आम्ही डोंगरावर जातो. जांबोटीहून कणकुंबीकडे, कधी चंदगडच्या बाजूला. २०११ साली अभयारण्य झालेल्या भीमगडच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकत नाही. बरोबर भाकरी-चटणीचा डबा, घोंगडी नाहीतर प्लास्टिकची खोळ, आणि एक भिंग.

पहिल्या पावसात जमिनीतून रानहळदीचे तुरे येतात. आषाढ-श्रावणात पठारावर पाणी साचून राहते आणि तेथे गेंद आणि सीतेची आसवे दिसू लागतात. हे निळसर-जांभळे इवले फूल मुलांना फार आवडते, कारण ते किडे खाते. जांभ्याच्या पठारावर मातीचा थर बोटभर. पावसाने त्यातले सत्त्व वाहून जाते, नत्र उरत नाही. म्हणून या रोपाने मुळांच्या जागी बारीक पिशव्या केल्या. पिशवीच्या तोंडाशी सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडते, पाण्याबरोबर जीव ओढला जातो आणि दार मिटते. गरिबीत संसार कसा करावा हे या रोपाकडून शिकावे, असे आमच्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले होते. भाद्रपदात तेरडा, कवला, सोनकी यांनी माळ रंगतो, आणि नवरात्रात गवत पिवळे पडले की वर्षाचा खेळ संपतो.

आमचा नियम एकच, फूल तोडायचे नाही. तोडायचे ते नाव. म्हणजे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडून ते काढून घ्यायचे. यासाठी आम्ही एक मोठी वही केली आहे. तारीख, जागा, मराठी नाव, कन्नड नाव, कोकणी नाव असे रकाने. शास्त्रीय नाव विज्ञानशिक्षक मागाहून लिहितात.

एकदा कुंपणाच्या वेलीवर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे फूल दिसले. एका मुलाने सांगितले, कळलावी. दुसऱ्याच्या घरी कोकणी बोलतात, तो म्हणाला, गौरीचे हात. आमच्याबरोबर शेजारच्या कन्नड शाळेची दोन मुले होती, ती म्हणाली, गौरी हू. दोन वेगळ्या नावांत गौर कशी काय आली, यावर मुलांची चर्चा रंगली. गवळी धनगर वस्तीतल्या एक आजी म्हशी घेऊन तेथून चालल्या होत्या. त्या थांबल्या, ऐकले आणि म्हणाल्या, ‘पोरांनो, गौरीला फूल वाहा, पण गड्ड्याला हात लावू नका. जीव जाईल.’ विज्ञानशिक्षकांनी नंतर सांगितले की त्या गड्ड्यात कोल्चिसीन नावाचे विष असते. थोड्या मात्रेत ते सांधेदुखीवर औषध म्हणून वापरतात, जास्त झाले तर माणूस दगावतो. ग्रंथातले आणि आजींचे ज्ञान येथे तंतोतंत जुळले. फरक इतकाच की आजींचे ज्ञान कोठे छापलेले नाही.

काय जाते आहे

पठारे जात आहेत हे तर उघडच आहे. ज्या जांभ्यावर फुले येतात त्याच थरात बॉक्साइट असते आणि कोल्हापूरच्या डोंगरांवर त्याच्या खाणी झाल्या. फूल वर, धातू खाली. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत साताऱ्याचे कास पठार आहे. पण दर्जा मिळाल्यावर माणसांचे लोंढे लोटले, आणि फुले पाहायला आलेल्यांच्या पायांपासून फुले वाचवण्यासाठी प्रवेशावर मर्यादा घालाव्या लागल्या. जेथे जायचे तेथे थोडे जावे, हळू चालावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही. ती नावांची आहे. कवल्याच्या पिवळ्या फुलाला हौशी मंडळी आता ‘मिकी माऊस’ म्हणतात. पाहिले तर दिसतेही तसेच, आणि मुले हसतात. पण कवला हा शब्द ज्यांना माहीत होता ती माणसे वस्त्यांवरून एकेक करून जात आहेत. गुरे चारणे संपले, रानभाजीला जाणे कमी झाले, घरात मराठी, शाळेत इंग्रजी, कचेरीत कन्नड. या तिन्हींत रानातल्या फुलाला जागा उरली नाही. पुस्तक हरवले तर दुसरी प्रत मिळते. आजींबरोबर गेलेल्या नावाची दुसरी प्रत नसते. आणि नाव गेले की पुढच्या पिढीला ते रोप ‘नुसते गवत’ वाटते. नुसत्या गवतावर नांगर फिरला, यंत्र फिरले, तरी कोणी हळहळत नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या सुटीत मुले गावी येतील. त्यांना आजोळच्या बांधावर, माळावर फिरवून आणा. आजीला, अज्जाला, शेतावरच्या गड्याला, म्हशीमागच्या बाईला दहा नावे विचारा. मराठी असोत, कन्नड असोत, कोकणी असोत, जशी सांगितली तशी लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. ते काम आम्हा मास्तर लोकांवर सोडा.

आमच्या वहीत एक शेवटचा रकाना आहे. त्याचे शीर्षक ‘कोणी सांगितले’ असे आहे. त्यात पहिले नाव लिहून चालत नाही. नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव, वस्ती आणि गाव, असे सगळे लिहावे लागते. मुलांना कधीमधी याचा कंटाळा येतो. मी त्यांना कुकचा ग्रंथ उघडून भिवाचे नाव दाखवतो आणि विचारतो, हा कुठला, कोणाचा? कोणालाच सांगता येत नाही. मग मुले मुकाट्याने रकाना पुरा करतात, आणि ज्याने स्वतः ते फूल पाहिले असेल तो नावापुढे एक उद्गारचिन्ह काढतो.